मास्तर आणि सहा रंगांचा प्रिंटर

मास्तरांकडे सात शर्ट होते आणि सातही राखाडी. कंपनीचा युनिफॉर्म निळा होता, पण त्यांना सूट होती. ती कधी आणि कुणी दिली हे कुणालाच सांगता यायचं नाही. रंगीत कपडा घातला की त्याची झाक समोरच्या वस्तूवर पडते आणि डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या अंगात लाल कुर्ता होता. माझ्याकडे न बघता, हातातल्या बंपरकडेच बघत ते म्हणाले, "मॅडम, जरा लांब हुबं ऱ्हावा. बंपर लाजायला लागलाय."

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे प्लॅस्टिकचे बंपर रंगवले जात. गाडीचा पत्रा एका कारखान्यात रंगतो आणि बंपर दुसऱ्यात, पण रस्त्यावर गाडी उभी राहिली की दोन्हींचा रंग एकच दिसायला हवा. त्यासाठी गाडीवाल्यांकडून नमुन्याचा एक तुकडा यायचा, त्याला मास्टर पॅनल म्हणत. रंगलेला प्रत्येक लॉट त्या तुकड्याशेजारी धरून बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचं, हे मास्तरांचं काम. त्यासाठी एक मशीनही होतं. ते रंगाचा आकडा सांगायचं. मास्तर आकडा वाचायचे, मान डोलवायचे आणि मग स्वतः बघायचे. बघणं म्हणजे एक नजर, दोन-तीन सेकंदांची. त्यापेक्षा जास्त वेळ बघू नये, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. डोळा आधी खरं बोलतो, नंतर मन मधे तोंड घालतं.

मी परभणीकडची, डिप्लोमा करून आलेली, हाताखाली शिकायला ठेवलेली. त्यांचं गाव चाकणच्या पलीकडे, जमिनी एमआयडीसीत गेलेल्या गावांपैकी एक. भाऊबंदांनी आलेल्या पैशात गाड्या घेतल्या, हॉटेलं काढली, कुणी राजकारणात गेले. मास्तर आधीपासून कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, हेल्पर होते, ते तिथेच राहिले आणि सत्तावीस वर्षांत त्यांच्या डोळ्याला कंपनीत सहीची किंमत आली.

विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ होत्या. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मोबाईलकडे बघायचे नाहीत. डब्यात बीट आणायचे नाहीत. बायकोला साडी घ्यायला गेले की दुकानातली साडी उचलून थेट रस्त्यावर उन्हात न्यायचे, आणि मागे दुकानदाराचा माणूस धावत यायचा. एकदा एका चंदेरी बंपरवरून त्यांनी लाईन थांबवली. मशीन पास म्हणत होतं. मॅनेजर खाली आले, आवाज चढला, वरून फोन आले. मास्तरांनी बंपर खांद्यावर घेतला, बाहेर आवारात नेला, नमुन्याच्या पत्र्याशेजारी तिरका धरला आणि मॅनेजरना म्हणाले, गुडघ्यावर बसा साहेब. साहेब बसले. तिथून बघितल्यावर पत्रा चांदीसारखा आणि बंपर राखेसारखा दिसत होता. साहेब उठले, पॅन्टची धूळ झटकली आणि लॉट परत पाठवला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे मास्तरांकडे बघून हसत होते, पण मास्तर नेहमीसारखे मान खाली घालून जेवत होते.

त्यांची एकुलती एक मुलगी तळेगावला एका कंपनीत अकाउंट्सला होती. रोज स्कूटरवरून जायची-यायची. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली सापडून ती गेली. सव्वीस वर्षांची होती. मास्तर तेराव्या दिवशी कामावर आले, तोच राखाडी शर्ट, तीच मान खाली. कुणाला काही बोलायची सोय त्यांनी ठेवली नाही. त्या आठवड्यात त्यांनी अकरा लॉट नापास केले. सगळे खरोखरच नापास होते, मी मशीनवर तपासून पाहिले.

महिन्याभरानं एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं की तुला इंटरनेटवरचं कळतं ना, मग घरी फोटो छापायचा प्रिंटर कुठला घ्यावा ते बघून दे. परवडंल असा, पण फोटोच छापायचे आहेत, कागदपत्रं नाहीत.

मला वाटलं, माणूस काहीतरी छंद शोधतोय. बरंच आहे. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. मुलीचा फोटो मोठा करायला ते स्टुडिओत गेले होते. हार घालायचा फोटो. स्टुडिओवाल्यानं तो छान करून दिला. मुलगी सावळी होती, बापासारखी, चांगली गडद सावळी. फोटोत ती गोरी आली. गाल गुळगुळीत आणि नाकाशेजारचा देवीच्या खुणेसारखा बारीक व्रण गायब. मास्तरांनी परत करून मागितला. दुसऱ्यांदाही गोरीच आली. स्टुडिओवाला म्हणाला की काका, मशीन आपोआप चेहरा उजळतं, आणि लोकांना तसंच आवडतं, गेलेल्या माणसाचा फोटो तर जास्तच. मास्तर आणखी तीन स्टुडिओ फिरले, चिंचवडपर्यंत जाऊन आले. कुठेतरी थोडी कमी गोरी, कुठेतरी लालसर, एका ठिकाणी चक्क हिरवट. घरी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, पहिलाच फोटो भिंतीवर लावून हार घातला होता. काकूंचं म्हणणं, चांगली तर दिसतेय, आता काय करायचंय.

"ती माझी पोरगी न्हाई," मास्तर म्हणाले. "कुणाची तरी हाय. हार तिला घातलाय."

मग आमचा प्रिंटरचा शोध सुरू झाला आणि तो पाच महिने चालला. मी वाचून सांगायचे, ते ऐकायचे आणि वहीत लिहायचे. सगळ्यात स्वस्त मशीन छोट्या डबीतल्या शाईवर चालतं, पण डबी दहा-वीस मोठे फोटो काढले की संपते. टाकीवाली मशीनं परवडतात, बाटलीनं शाई ओतायची. पण त्यात बहुतेक चारच रंग, आणि त्यातला काळा कागदपत्रांसाठी. फोटोच्या चकचकीत कागदावर तो नीट बसत नाही, म्हणून गडद रंग बाकीच्या तीन शायांतून कालवावा लागतो आणि तिथेच सावळा माणूस फसतो. एक लहानसं रिबनवालं यंत्रही होतं, ते पोस्टकार्डाएवढाच फोटो काढायचं. कागद चार वेळा आत-बाहेर जायचा: आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून एक पारदर्शक थर. ते बघताना मास्तरांच्या चेहऱ्यावर त्या पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. आपल्या पेंट शॉपसारखंच आहे, वरून क्लिअर कोट मारतात, असं ते म्हणाले. पण फोटो बाहेर आला तेव्हा मुलगी लाजल्यासारखी लालबुंद होती. त्यांनी तो घडी न पडू देता पाकिटात घातला आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात R लिहिलं. आर म्हणजे रिजेक्ट. कंपनीची सवय.

रविवारी आम्ही पिंपरीच्या कॅम्पात, प्रिंटरच्या दुकानात, जायचो. मास्तरांच्या खिशात पेनड्राइव्ह, त्यात तिच्याच मोबाईलवर काढलेला तिचा एकच फोटो: घराच्या पडवीत, सकाळच्या उजेडात, हातात चहाचा कप, कॅमेऱ्याकडे न बघता कुणाला तरी काहीतरी सांगत असलेली. दुकानदार सुरुवातीला हौसेनं छापून दाखवायचा. मास्तर कागद घेऊन दुकानाबाहेर जायचे, उन्हात नव्हे, सावलीत, आभाळाकडे तोंड करून. शर्टाची बाही वर करून स्वतःचा हात फोटोशेजारी धरायचे. कारण तिचा रंग बापाचा होता, असं सगळेच म्हणायचे. एक नजर टाकायचे आणि मान हलवायचे. दुकानदार वैतागून एकदा म्हणाला, "काका, अल्बम कुणाच्या लग्नाचा आहे? एवढं काय बघताय?" मास्तरांनी शांतपणे सांगितलं की लग्न राहिलं. दुकानदारानं पुढच्या रविवारी आम्हाला चहा मागवला आणि छापायचे पैसे घेतले नाहीत.

शेवटी सहा शायांचं टाकीवालं मशीन ठरलं. त्यात नेहमीच्या चारांशिवाय एक फिका निळा आणि एक फिका गुलाबी असतो, त्यामुळे चेहऱ्यावरचे बारीक बदल जरा नीट उतरतात. चार रंगांच्या मशीनपेक्षा ते महाग, पण आवाक्यातलं. हा नको, तो नको करत आम्ही ज्या मशीनपाशी पोचलो ते पहिल्या आठवड्यातही घेता आलं असतं. पण मी बोलले नाही. मला कळलं होतं की शोध चालू आहे तोवर त्यांना निदान रविवार आहे.

मशीनचा खोका मांडीवर घेऊन आम्ही बसनं परत येत होतो. भोसरीला गाडी अडकली होती. तिथे ते आपणहून बोलायला लागले, खिडकीबाहेर बघत.

दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा बायोडाटाला फोटो हवा होता. मास्तर तिला घेऊन स्टुडिओत गेले. फोटो चांगला आला होता, पण स्टुडिओवाल्यानं विचारलं, थोडं उजळ करू का? मुलगी खुर्चीवर बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. करा, म्हणाले. फोटो बघून वाकडहून एक स्थळ आलं, मुलगा आयटीत, माणसं चांगली. घरी आली, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या आईनं जाताना काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की फोटोत वेगळी वाटली होती. ती मंडळी गाडीत बसून गेली. मुलगी दारात उभी होती. वळून बापाला म्हणाली, "आप्पा, सॅम्पल आणि लॉट मॅच न्हाई झाला."

"हसत म्हणली," मास्तर म्हणाले. "मी बी हसलो."

मग बस हलली.

पुढचे तीन महिने दर रविवारी सकाळी दहाला पडवीत मशीन लागायचं. सकाळचाच उजेड, कारण फोटो त्या वेळचा. कधी मी जायचे, माझा लॅपटॉप घेऊन. ते सांगायचे, लाल थोडा काढ, पिवळा जरासा दे, सावली उचल, नको, परत ठेव. चकचकीत कागद झाला, मॅट झाला, मधला झाला. कधी कधी मला दोन फोटोंत काडीचा फरक दिसायचा नाही आणि ते म्हणायचे, हा पुढं गेला, ह्यो मागं ऱ्हायला. प्रत्येक फोटोच्या पाठीवर R आणि तारीख. गठ्ठा वाढत गेला.

मी एकदा विचारलं की मास्तर, आपण ह्याला जुळवतोय कशाशी? मास्टर पॅनल कुठाय? मोबाईलमधला फोटोही खरा नाही, मोबाईलसुद्धा थोडं उजळतोच. त्यांनी हात पुढे केला. मग तो उलटा केला, सुलटा केला. उन्हानं मनगटापर्यंत काळवंडला होता आणि वर वयानं सुरकुतला होता. ते म्हणाले, "हेच काय ते उरलंय." त्या दिवसापासून ते बाहेर पडताना त्या हातावर पूर्ण बाही ओढून घ्यायला लागले, ऊन लागू नये म्हणून.

काकू त्या पडवीत कधी यायच्या नाहीत. त्या बोलक्या होत्या. मला परभणीच्या उन्हाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल विचारायच्या, डबा बांधून द्यायच्या. फक्त प्रिंटरच्या आवाजाला त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. एका रविवारी वारा सुटला आणि गठ्ठा उडाला. साठ-सत्तर फोटो अंगणभर झाले. काकू बाहेर धावल्या आणि गोळा करू लागल्या. काही उताणे पडले होते, काही पालथे. पालथ्यांवरचं अक्षर त्यांनी आधी एकावर पाहिलं, मग दुसऱ्यावर, मग त्या एकेक उलटत गेल्या.

"हे काय लिव्हलंय?" त्यांनी मला विचारलं.

मास्तरांनीच सांगितलं, रिजेक्ट.

काकूंनी आवाज चढवला नाही. गोळा केलेले फोटो नीट एकावर एक लावले, पदरानं माती पुसली आणि म्हणाल्या, "लोकांनी तिला एकदा नापास केलं. तुमी दर आयतवारी करताय."

त्यांनी गठ्ठा मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि आत गेल्या. मास्तरांनी मशीन बंद केलं, त्यावर काकूंची एक जुनी साडी टाकली. पुढे सहा आठवडे ते त्यांनी चालू केलं नाही. न वापरता ठेवलं की शाई आत सुकते, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मी आठवण केली तर म्हणाले, सुकू दे.

मग माझ्या आईचा परभणीहून फोन आला. स्थळं बघायला घेतली होती, फोटो पाठव म्हणाली, आणि चांगल्या स्टुडिओतून काढ. चांगला म्हणजे काय ते मला माहीत होतं. मीही सावळीच आहे. का कोण जाणे, मी स्टुडिओत गेले नाही. मास्तरांना विचारलं, तुमच्या प्रिंटरवर माझा एक फोटो काढून द्याल का? आहे तसा हवाय. त्यांनी हातातलं पॅनल खाली ठेवलं आणि म्हणाले, आयतवारी ये.

त्यांनी फोटोही स्वतःच काढला. मुलीचा मोबाईल आतून आणला. काच तडकली होती, पण कॅमेरा ठीक होता. मला पडवीत बसवलं, तिथेच, त्याच उजेडात. मशीननं आधी रेघा तुटक मारल्या, दोनदा साफ केल्यावर सहाही रंग आले. पहिला फोटो थोडा गुलाबी आला. दुसरा जवळ आला. तिसरा त्यांनी माझ्या गालाशेजारी धरला, एक नजर टाकली आणि लगेच म्हणाले, "ओके."

इतक्या सहज ते म्हणाले की मी हसले. त्यांनी पेन काढलं आणि कंपनीत करतात तशी पाठीवर सही केली. पाच महिने आणि वर तीन महिने जे जमलं नव्हतं ते तासाभरात झालं होतं. ते फोटोकडे बघत म्हणाले की माणूस म्होरं बसलं की किती सोपं असतंय. आणि मग, "ह्ये आदी करायला पायजे व्हतं. घरात व्हती तवा."

मला तेव्हा जे सुचलं ते मी बोलले, आणि ते बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं. मी म्हणाले, मास्तर, मोबाईल तोच, पडवी तीच, उजेड तोच. माझा खरा आला म्हणजे आता काही न हलवता तिचा छापला तर तो खराच येणार. हे त्यांच्याच धंद्यातलं गणित होतं, त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांना ते पटलं. पटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी तिचा फोटो लावला. कागद हळूहळू बाहेर आला, आधी केस, मग कपाळ, मग नाकाशेजारचा व्रण. चांगली गडद सावळी मुलगी, हातात चहाचा कप. मास्तरांनी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि आभाळाकडे वळून बघायला लागले. एक नजर टाकून ते थांबले नाहीत. बघत राहिले. मी आतून पाणी घेऊन आले तरी बघत होते. मग त्यांनी बाही वर केली, हात शेजारी धरला, काढून घेतला.

"बरोबर हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, गणितानं तर बरोबर असायला पाहिजे.

"असंल," ते म्हणाले. "पण मला आता आठवंना, पोरी. इतके चेहरे काढले तिचे. आता डोळं मिटलं तर कुठला तिचा त्येच कळंना."

काकू उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या पुढे आल्या नाहीत.

मास्तरांनी फोटो पालथा केला, पेन उघडलं आणि कागदावर टेकवलं. नुसतं टेकवून बसले. कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तू कर सही."

मी त्यांच्या मुलीला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. खंडेनवमीच्या पूजेला ती वडिलांबरोबर कंपनीत आली होती, पेंट शॉपच्या ट्यूबलाइटखाली, प्रसाद घेऊन दोन मिनिटांत गेली होती. तिनं साडी कुठल्या रंगाची नेसली होती तेही मला आठवत नव्हतं.

मी सही केली.